सरळ मुळाचा दात

४ जून

मुंगे,

तुझं पत्र मिळालं. लोकांच्या नाती आजीकडे खाऊ मागतात, फार तर अंगठी मागतात. तू दुसऱ्यांच्या तोंडातले दात मागितलेस. चष्मा पुसून परत वाचलं, तरी तेच लिहिलेलं. काढून टाकलेले दात, मिळतील तेवढे, मिठाच्या पाण्यात घालून पाठव. म्हटलं, पोरीला डॉक्टरकी शिकायला धाडली की चेटूक.

फोनवर का नाही बोललीस ते कळलं. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं शेजाऱ्यांना. पत्रच बरं. चौथीपर्यंत शिकले ते कुठेतरी वापरायला नको का.

तर गेले कोपऱ्यावर, तुझ्या डॉक्टरकाकांकडे. दवाखाना आहे तसाच आहे. बाकावर तीच फाटकी मासिकं, भिंतीवर तीच हसणारी बाई, जिच्या तोंडात माणसाला असतात त्यापेक्षा जास्त दात आहेत. तू लहानपणी ज्या स्टुलावर बसून त्यांची बॅटरी धरायचीस ते स्टूल अजून खुर्चीशेजारीच आहे. मी सांगितलं, पोरगी आता दातांवर हात चालवायला शिकणार, तिला दात लागतात. माणूस हातातलं काम टाकून उठला. डोळ्यांत पाणी. मला पुरुषांच्या डोळ्यांतलं पाणी बघवत नाही, मी भिंतीवरच्या बाईकडे बघितलं.

म्हणाले, "आजी, आमच्या वेळी आम्ही दातांसाठी दवाखाने पालथे घालायचो. तिला नाही फिरावं लागणार. इथे निघेल तो प्रत्येक दात तिचा."

मी म्हटलं, "ज्याच्या तोंडातून निघतो त्याचा नाही का आधी?"

हसले. गोड हसतात. त्या हसण्यावर तर गल्ली तोंड उघडते.

सोबतच्या बरणीत आमची साखर होती. ती डब्यात ओतून हे भरलेत. आता त्या बरणीत साखर परत जाणार नाही, तेव्हा बरणी तूच ठेवून घे.

तुझी आजी

---

१३ जून

आजी,

बरणी पोचली. कुरियरवाल्याने हलवून पाहिली आणि सही न घेताच गेला.

रागावू नकोस, पण त्यातले दोनच कामाचे निघाले. बाकीचे किडलेले, फुटलेले, वरचा भाग गेलेले. आम्हाला अख्खे लागतात. आणि दाढा नकोत सध्या, वरचे पुढचे दात हवेत. त्यांना एकच मूळ असतं, सरळ. शिकणाऱ्याची सुरुवात त्यांच्यावरच होते. दात प्लॅस्टरच्या ठोकळ्यात उभा करायचा, मागच्या बाजूने बारीक भोक पाडायचं, नस असते ती नळी सुयांनी साफ करायची आणि भरून टाकायची. ठरलेले दात पुरे झाल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. माझ्या खोलीतल्या मुलीचे काका कुठल्याशा मोठ्या दवाखान्यात आहेत, तिच्याकडे डबाभर आहेत. ती ते मोजताना मला दाखवून मोजते.

डॉक्टरकाकांना एवढंच सांग: वरचे, पुढचे, न फुटलेले, सरळ मुळाचे. त्यांना कळेल.

एक गंमत सांगते. यंदा एक नवा तास सुरू झालाय. एक मॅडम आल्यात, त्या म्हणतात दातांचा डॉक्टर आधी माणसांचा डॉक्टर असायला हवा. त्या तासाला हत्यारं बाहेर ठेवायची, पेशंटसमोर नुसतं बसायचं, तो काय काम करतो, घरी कोण आहे, रात्री झोप लागते का, हे ऐकायचं आणि अर्धं पान लिहायचं. बस, अर्धं पान. त्याला गुण इतके कमी की मुलं तो तास जेवायला वापरतात.

तुझी मुंगी

---

२९ जून

मुंगे,

तुझी ऑर्डर डॉक्टरांना दिली. वरचे, पुढचे, अख्खे, सरळ मुळाचे. भाजी आणायला पाठवलेल्या माणसासारखी पाठ करून गेले होते.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आजी, दाढ गेली तर जगाला दिसत नाही. पुढचा गेला की माणूस आरसा उलटा करून ठेवतो. लोक पुढचे दात सहज देत नाहीत." वर म्हणाले, "पण बघू." आणि हात धुवायला गेले. हात कोरडे होते तरी.

तुझ्या मास्तरणीचं मला पटलं. मी तुझ्या जागी असते तर त्याच तासाला गेले असते, फुकट बसून लोकांच्या घरातलं ऐकायला मिळतं आणि वर गुण.

इथे बरं आहे. माझा मागचा एक हलतोय, खालचा. जेवताना तो एकीकडे जातो आणि घास दुसरीकडे. पुढचे दोन मात्र अजून माझे स्वतःचे आहेत, ठणठणीत. तुझ्या आजोबांनी मला त्यांच्यावरच पसंत केलं होतं. बाकी बघण्यासारखं काही नव्हतं.

हो, डॉक्टरांकडे आता नंबर पटकन लागतो. पूर्वी माणसाला तासभर समजावत बसायचे, दात वाचेल, मोठ्या इस्पितळात जा, भरून घे, काढायची घाई नको. त्या कंटाळ्याने लोक दुखणं अंगावर काढायचे. परवा वॉचमन गेला तर पाच मिनिटांत बाहेर, गालात कापूस. म्हणे काही बोललेच नाहीत, नुसती भूल दिली. हात सुधारलाय म्हणायचा या वयात.

तुझी आजी

---

१७ जुलै

आजी,

दुसरी बरणी उघडली आणि मी खोलीतल्या मुलीला हाक मारून दाखवली. तिच्या डब्यात एकही असा नाही. अख्खे, स्वच्छ, मुळं पेन्सिलीसारखी सरळ. आमचे प्रॅक्टिकलचे सर म्हणाले, कुठून मिळाले, पुस्तकातल्या चित्रासारखे आहेत. मी म्हटलं, आमच्या घरचे डॉक्टर आहेत. अभिमान वाटला.

दोघीतिघींनी मागितले, मी एकेक दिला. आता त्या मला चहा पाजतात. काकांना सांग, जमले तर आणखी पाठवा, असेच.

सुई धरायला हात बसलाय माझा. पहिल्या दातात मी मुळाच्या टोकातून पार बाहेर गेले होते. सर म्हणाले, हा दात तोंडात असता तर पेशंट तुझ्या अंगावर धावून आला असता. आता नाही होत तसं.

तुझी दाढ हलतेय तर काकांना दाखव, अंगावर काढू नकोस.

तुझी मुंगी

---

८ ऑगस्ट

मुंगे,

तिसरी बरणी पाठवतेय. या वेळी डॉक्टरांनी बरणी स्वतःच आणून दिली, घरापर्यंत, पांढऱ्या रुमालात गुंडाळून. नवरदेवाकडचं आल्यासारखं वाटलं. बसले, पाणी प्यायले. "पोरगी काय म्हणाली? सरांना आवडले?" पुन्हा पुन्हा तेच. तुझं पत्र वाचून दाखवलं. पुस्तकातल्या चित्रासारखे, हे दोनदा वाचायला लावलं.

खुर्चीला नवं आवरण घातलंय, निळं. म्हणतात, "तिच्यासाठीच. ती आली की मी स्टुलावर बसणार आणि बॅटरी धरणार." तुझी बरी सोय लागली. आई-बापाविना वाढवलेल्या पोरीला आयती खुर्ची मिळतेय, मला आणखी काय हवं.

बाकी गल्लीला काय झालंय कळत नाही. सगळे ओठ मिटून हसायला लागलेत. इस्त्रीवाला पूर्वी तोंड फाडून हसायचा, आता कपडे तोंडासमोर धरून हसतो. बेकरीतला पोऱ्या बोलताना शिट्टी वाजवतो. वरच्या मजल्यावरची शिवणवाली, जिला मी माझ्या हाताने सुईत दोरा ओवायला शिकवला, तिचा तोरा तर बघ. जिन्यात भेटली की तोंडात टाचण्या धरून नुसती मान हलवते. मी म्हटलं, टाचण्या काढून बोललीस तर काय झिजशील? खाली बघून गेली. पैसा यायला लागला की माणसाचं तोंड बंद होतं.

माझा मागचा अजून हलतोय. बघू म्हणते, पण दवाखान्यात पाय वळत नाही. का ते माझं मलाच सांगता येत नाही. परवा दारापर्यंत गेले, डॉक्टरांनी आतून बघितलं आणि हसले. माझ्या तोंडाकडे बघून हसले, माझ्याकडे नाही. परत आले.

तुझी आजी

---

२६ ऑगस्ट

आजी,

एक मस्त गोष्ट झाली.

मॅडमनी त्या तासाला सांगितलं, आज माणूस नाही, प्रत्येकाने आपल्या बरणीतला एक दात घ्यायचा आणि त्याच्यावरून माणूस लिहायचा. सगळे कुरकुरले. मी तिसऱ्या बरणीतला एक उचलला आणि लिहीतच गेले. तुला उतरवून पाठवते.

"वरचा पुढचा दात. कड फारशी झिजलेली नाही, एक्स-रेमध्ये नळी रुंद, म्हणजे वय पंचविशीच्या आसपास. कीड नाही. दातावर कीटण नाही, म्हणजे रोज नीट घासणारी व्यक्ती. मुळावर वरपासून खालपर्यंत तंतू चिकटलेले, म्हणजे दात घट्ट होता. कडेला मधोमध एक बारीक खाच आहे. ही व्यक्ती रोज दातात दोरा धरून तोडते किंवा टाचण्या धरते. बहुधा शिवणकाम करणारी बाई. उजव्या हाताने शिवते, कारण खाच एका बाजूला तिरपी आहे."

मॅडमनी ते वर्गासमोर वाचलं. म्हणाल्या, डोळे असावेत तर असे. त्या तासाला पहिल्यांदा टाळ्या पडल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि हा काढला का?" मी म्हटलं, जिन्यात पडली असेल. त्यांनी कागद परत दिला, खाली एक प्रश्नचिन्ह काढून. गुण मात्र कापले नाहीत, पूर्ण दिलेत.

चौथी बरणी लवकर पाठव. परीक्षा जवळ आलीये.

तुझी मुंगी

---

३ सप्टेंबर

मुंगे,

चौथी बरणी नाही.

तुझं पत्र वाचलं आणि जिना चढले. माझे गुडघे बघता यावरूनच काय ते तुला कळायला हवं. शिवणवाली मशीनवर बसली होती. मी म्हटलं, "टाचण्या काढ." तिने काढल्या. मग म्हटलं, "हस."

ती रडायला लागली. मी म्हटलं, "रडू नंतर. तोंड उघड." वरचा पुढचा, डावीकडचा, नाही.

विचारलं, "पडलीस का?"

"नाही हो आजी. दाढ दुखत होती, खालची. डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भूल दिली ती वर दिली. मी म्हटलं खालची दुखतेय, तर म्हणाले पुढचाही आतून खराब आहे, आज ना उद्या पडेल, हा आधी काढू. इतकं गोड बोलले. कवळीही फुकट देतो म्हणाले."

"आणि दाढ?"

"ती किडलीये ना, तुकडे होतील म्हणाले. ती ठेवली. अजून दुखते."

बघ मुंगे. दुखरी ठेवली, चांगला काढला. आता ती दोरा कात्रीने तोडते आणि दर वेळी कात्री शोधत बसते. नवरा म्हणतो, आरशात बघत बसतेस म्हणून काम मागे पडतं. आरसा तर तिने कपाटात ठेवलाय.

तू तिचं वय ओळखलंस, हात ओळखलास, दोरा ओळखलास. ती आपल्या डोक्यावर राहते हे नाही ओळखलंस. तू लहान असताना तुझे फ्रॉक उसवले की हीच शिवायची.

मी इस्त्रीवाल्याकडेही गेले. कपडे बाजूला करायला लावले. पुढचं तुला लिहीत नाही, तुझ्याकडे बरण्या आहेत.

आता मला सांग, डॉक्टर तुझे आहेत, विद्याही तुझी आहे. हे काय चाललंय?

तुझी आजी

---

११ सप्टेंबर

आजी,

तुझं पत्र आल्यापासून मला झोप नाही, पण तू शांतपणे वाच.

एका दातावरून काही सिद्ध होत नाही. कधीकधी वरून चांगला दिसणारा दात आतून गेलेला असतो. काकांनी तोंड बघितलंय, मी फक्त दात बघितलाय. त्यांचा इतक्या वर्षांचा हात आहे. मी दुसऱ्या वर्षातली मुलगी, मी त्यांना काय विचारणार? आणि माझ्यासाठी ते असं काही करतील हे मनातसुद्धा आणू नकोस. मी फक्त काढलेले दात मागितले होते. काढा असं म्हटलं नव्हतं.

कृपा करून त्यांना काही बोलू नकोस. माझ्या प्रवेशाची शिफारस त्यांची होती, पुढच्या कामाचीही त्यांचीच लागेल. ते दुखावले तर खुर्चीही गेली आणि नावही गेलं. माझी परीक्षा होऊ दे. मी आले की नीट, शांतपणे बोलेन.

दात ठोकळ्यात बसवून झालेत. ते मी आता काढू शकत नाही.

तुझी मुंगी

---

२१ सप्टेंबर

मुंगे,

सोबत एक डबी आहे, सुपारीएवढी. त्यात एकच आहे.

तू म्हणालीस एका दातावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून मी असा पाठवलाय ज्याचा मालक मला पक्का माहीत आहे.

सोमवारी गेले दवाखान्यात. निळ्या खुर्चीत बसले. म्हटलं, "डॉक्टर, मागचा हलतोय, खालचा. तेवढा काढा." त्यांनी बॅटरी लावली, मागच्याकडे बघितलंच नाही. पुढचे दोन बघत राहिले. दुकानात आवडलेल्या वस्तूकडे माणूस बघतो तसं, किंमत विचारायच्या आधी.

"आजी, या वयात असे पुढचे दात?"

मी म्हटलं, "माझं नशीब."

बोटाने दाबून म्हणाले, "डावा हलतोय हं." हलत नव्हता मुंगे. माझं तोंड आहे, मला माहीत. मी गप्प बसले. मला बघायचं होतं, कुणी अडवलं नाही तर हा गोड बोलणारा माणूस कुठपर्यंत जातो. भूल दिली. पक्कड घेतली. घट्ट होता, त्यांनाही घाम आला. सगळा वेळ बोलत होते, लहान पोरीला समजवावं तसं. "झालंच आजी. तिला फार उपयोग होईल. आम्हाला असंच शिकवलं, आजी. ठोकळा पुरा केला की सही मिळायची. कुठून आणलास हे एकाही सरांनी विचारलं नाही. मी काय काय केलं दातांसाठी, तिला तसं वणवण फिरायला लावायचं नाही मला."

हे बोलताना त्यांचा चेहरा इतका मायेचा होता की मला भूल नसलेल्या जागीही काही कळेना. माणूस वाईट असता तर मी तिथेच त्याच्या हाताला चावले असते, उरल्यासुरल्यांनी.

हलणारा मागचा अजून तोंडातच आहे. म्हणाले, तो काय, तो आपोआप पडेल.

आता लिही अर्धं पान. मास्तरणीने सांगितलं तसं. हा दात कुणाचा, काय खाल्लं त्याने, कधी हसला. आणि शेवटची ओळ विसरू नकोस, का काढला. जिन्यात पडली असं लिहायचं नाही. मी जिन्यात पडलेली नाही.

दुसरं. शिवणवालीची धाकटी बहीण कॉलेजला जाते, तिची अक्कलदाढ ठणकते. तिला येत्या गुरुवारचा नंबर दिलाय. दात तुझ्या पुस्तकातल्यासारखे आहेत तिचे, डॉक्टर स्वतःच म्हणाले. मी तिच्या आईला सांगून बघितलं. म्हणाली, आजी, तुम्ही चौथी शिकलेल्या, ते डॉक्टर. तुमची नात बोलली असती तर गोष्ट वेगळी. असं म्हणाली.

तुझी आजी

---

२५ सप्टेंबर, गाडीच्या ड्रायव्हरकडे देत आहे

आजी,

डबी उघडली. ओळखला. हसताना आधी तोच दिसायचा.

अर्धं पान:

"वरचा पुढचा दात, डावा. कड झिजून सपाट, वय सत्तरीच्या वर. एक्स-रेमध्ये नळी केसासारखी बारीक. कीड नाही. या बाईने ऊस सोलला आहे, दोरे तोडले आहेत, नातीच्या पेन्सिलींना टोक नसलं की दाताने कुरतडून दिलं आहे. फारसं हसली नाही, पण हसली ती उघड्या तोंडाने. मुळावर तंतू वरपासून खालपर्यंत आहेत. दात घट्ट होता. तो आणखी दहा वर्षं तोंडात राहिला असता.

का काढला: मी मागितला होता म्हणून. नाव घेऊन नाही. वरचा, पुढचा, न फुटलेला, सरळ मुळाचा, असा मागितला."

मी हे मॅडमना दिलं. त्यांनी वाचलं. गुण दिले नाहीत. म्हणाल्या, हे माझ्याकडे का आणलंस, याला उत्तर देणारं माणूस दुसरीकडे बसलंय.

आजी, माझी परीक्षा नेमकी गुरुवारी आहे. चुकवली तर वर्ष जातं. ठोकळे आज तपासून झाले, सर म्हणाले सगळ्यात स्वच्छ काम तुझं. मी परीक्षा देऊन शुक्रवारच्या पहिल्या गाडीने येते आणि काकांसमोर उभी राहून सगळं बोलते. शपथ. तोवर त्या मुलीला फक्त एक दिवस थांबव. डॉक्टर आजारी आहेत म्हणून सांग, काहीही सांग. एकच दिवस.

तुझी मुंगी

---

२६ सप्टेंबर

मुंगे,

तुझं अर्धं पान शिवणवालीने मला वाचून दाखवलं, माझा चष्मा धूसर झाला होता. वाफेने. चांगलं लिहिलंयस. शिकलीस.

डॉक्टर आजारी आहेत हे मी सांगितलं. मुलगी म्हणाली, आत्ताच तर खिडकीतून हात केला त्यांनी. माझ्याजवळ एकच खोटं होतं, ते संपलं.

म्हणून उद्या सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी बाकावर जाऊन बसणार आहे. भिंतीवरच्या बाईच्या बरोबर खाली. भांडणार नाही, बोलणार नाही. येईल त्या प्रत्येकाकडे बघून हसणार आहे, तोंड भरून. ती पोरगी येईल तेव्हा तिच्याकडेही. बघू किती जण आत जातात. शिवणवाली म्हणते ती पण येऊन बसते, टाचण्या घरी ठेवून. इस्त्रीवाला म्हणाला विचार करून सांगतो.

डॉक्टरांना कुणीतरी आधीच सांगितलेलं दिसतं. तासाभरापूर्वी येऊन गेले. पांढरा रुमाल होता हातात, रिकामा. रागावले नाहीत. म्हणाले, "आजी, या ना उद्या. मी तुमचा नंबर पहिलाच लिहिलाय. दोनातला एक गेला की दुसरा टिकत नाही, उगाच ओढाताण होते." आणि जाताना खुर्चीबद्दल विचारलं, म्हणाले, "मऊ आहे ना? तिला आवडेल ना?"

खुर्ची मऊ आहे मुंगे. बसलं की उठावंसं वाटत नाही, आणि पहिली सुई टोचली की कुणी काय काढतंय ते कळत नाही. हे तुला सांगून ठेवते, कारण तुला तिच्यावर बसायचं नाही, तिच्यामागे उभं राहायचंय.

हे पत्र त्याच ड्रायव्हरकडे देतेय. उद्या सकाळी, परीक्षेला निघायच्या आधी, तुझ्या हातात पडेल. तिथून सकाळची गाडी सुटते, दुपारची पण सुटते. मी सांगत नाही कुठली धरायची. परीक्षा तुझी आहे.

उद्या माझा नंबर पहिला आहे. माझा आता पुढचा एकच उरलाय. वरचा आहे, न फुटलेला आहे, मूळ सरळ असावं. तुला लागणार असेल तर काही करू नकोस, डॉक्टर पाठवतील. लागणार नसेल तर ये.

तुझी आजी